भाडेपावत्यांचा डबा

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी दरवर्षी एकाच वस्तूवरून वाद होतो. माळ्यावरून एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली येतो. त्याच्या झाकणावरचे चित्र केव्हाच उडून गेले आहे आणि कडांना गंज चढला आहे. ‘हा डबा आता टाकायचा का?’ असे सौभाग्यवती विचारतात, आणि वडील उत्तर न देता तो आपल्या पंचाने पुसू लागतात. डब्यात दागिने नाहीत, की कोणा थोर पुरुषाची पत्रे नाहीत. नारायण पेठेतील एका वाड्यातील दोन खोल्यांच्या, दरमहा बारा रुपयांप्रमाणे भरलेल्या भाड्याच्या पन्नासेक पावत्या तेवढ्या आहेत. शेवटची पावती जून १९६१ ची आहे. जुलैची पावती व्हायची होती, पण तिच्या आधी नदीच वाड्यात आली.

त्या दिवसाची हकीकत मी आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की, माझा जन्म त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी झाला हे मला मुद्दाम आठवावे लागते. १२ जुलै १९६१, बुधवार. आजोबा एका छापखान्यात खिळेजुळारी होते आणि कामावर निघण्याच्या बेतात होते. आजीची कणीक भिजवून झाली होती. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे. बाहेर कोणी ‘धरण फुटलं’ म्हणून ओरडत गेला, त्याच्या मागोमाग दुसरा ‘अफवा आहे हो, घरात बसा’ म्हणत गेला. आजी म्हणायची, “दोन माणसांवर विश्वास कसा ठेवावा तेच कळेना, तेवढ्यात बोळाच्या टोकाला पाणी दिसलं. मग कोणावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही.” तिने एका काखेत मूल घेतले, दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातील बाळकृष्ण घेतला आणि ती पर्वतीच्या दिशेने धावत सुटली. आजोबांनी मात्र फळीवरचा हा डबा उचलला. पुढे कितीतरी वर्षे आजी त्यांना हसत असे. “अहो, लोकांनी सोनं उचललं, भांडी उचलली. तुम्ही मेल्या पावत्या काय उचलल्यात!”

त्या पावत्यांचे काय झाले ते पुढे सांगतो. आधी पुराविषयी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण आजच्या पुण्यात राहणाऱ्या पुष्कळांना पानशेत हे केवळ सहलीचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे.

पानशेतचे धरण आंबी नदीवरचे, मातीचे. १९६१ च्या पावसाळ्यात ते पुरते बांधून झाले नव्हते, तरी त्यात पाणी साठले. बांध खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. तो मध्यरात्री न फुटता सकाळी सातच्या सुमारास फुटला, आणि म्हणून माझे घराणे शिल्लक राहिले. झोपेतले शहर आणि जागे शहर यांत केवढे अंतर असते ते या एका गोष्टीवरून कळावे. त्या पाण्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खाली मुठेवरच्या खडकवासल्याचाही बांध फोडला. तो १८७९ सालचा दगडी बांध, आणि पुण्याचे पिण्याचे पाणी त्याच्यावर अवलंबून! बंडगार्डनचा पूल वगळता शहरातले सगळे पूल पाण्याखाली गेले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतून आणि नदीपलीकडे डेक्कनवर पाणी वरच्या मजल्यांना लागले. पेठांतील वाडे म्हणजे लाकडी सांगाडा आणि मातीच्या भिंती. या भिंतींनी शंभर-दीडशे पावसाळे काढले होते, पण ते वरून येणाऱ्या पावसाचे. खालून पाणी लागताच भिंती बसल्या. आमचा वाडा सायंकाळपर्यंत उभा होता म्हणतात. रात्री केव्हातरी पाणी ओसरल्यावर तो पडला.

आणि मग गंमत पाहा. सगळीकडे पाणीच पाणी होऊन गेलेल्या त्या शहराला दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हते. नळ कोरडे, आडात चिखल. आजी सांगे की, तिने सदाशिव पेठेतल्या हौदावरून कळशा आणल्या. मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी इतिहासाचा नाद मला आहे, म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे हौद नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या घाटाखाली दोन तलाव बांधले गेले. वरच्यात गाळ बसावा आणि निवळ पाणी खालच्यात यावे अशी ही योजना. तेथून दगड-विटांचा, माणूस चालत जाईल एवढा नळ जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला आणि वाटेत जागोजाग हौद ठेवले. ना चाक, ना यंत्र. उताराने पाणी चालायचे, आणि कोंडलेली हवा बाहेर जावी म्हणून मध्येमध्ये उच्छ्वास बांधले होते. मुठेचे धरण वाहून गेले तरी कात्रजला त्याचे सुतक नव्हते. एका शहराला पाण्याच्या दोन स्वतंत्र वाटा असाव्यात हे शहाणपण दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी कदाचित मुद्दाम केले नसेलही, पण अडचणीच्या दिवशी ते कामास आले एवढे खरे.

असो. पावत्यांकडे वळतो.

पूर ओसरल्यावर हजारो कुटुंबे शाळांतून आणि देवळांतून राहिली. पुनर्वसनाच्या कामासाठी सरकारने स. गो. बर्वे यांना आणले. हे पूर्वी पुण्याचा कारभार पाहिलेले, आणि झपाट्याने काम उरकणारे म्हणून नावाजलेले अधिकारी. शहराच्या कडेला, टेकडीच्या उताराला माळावर निसेन हट उभ्या राहिल्या. अर्ध्या पिंपासारख्या आकाराच्या, पन्हळी पत्र्याच्या त्या झोपड्यांना आजी ‘पिंपाची घरं’ म्हणे. उन्हाळ्यात आत पापड भाजून निघत आणि पावसाळ्यात शेजारच्याशी बोलता येत नसे, एवढा पत्रा वाजे. गोखलेनगर, जनवाडी, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावे आज पत्त्यावर सहज लिहिली जातात, ती त्या पुराची अपत्ये आहेत.

झोपडी मिळण्यासाठी अर्थातच तुम्ही पूरग्रस्त आहात हे दाखवायला हवे होते. वाडा तर मातीच्या ढिगाऱ्यात गेलेला. मग कारकुनासमोर आजोबांनी हा डबा उघडला. दर महिन्याची पावती, मालकाची सही, तारीख. कारकून म्हणे उठून उभा राहिला. (हे आजोबांचे म्हणणे. आजीच्या मते तो नुसता ‘पुढे चला’ म्हणाला.) आमचे काम त्याच दिवशी झाले आणि आजीचे हसणे बंद झाले.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि आजी ती येथे कधी संपवीतही नसे. वाड्याच्या ओसरीवर एक भाजी विकणारी म्हातारी राहत असे. मालकाने दया म्हणून तिला जागा दिलेली, भाडे नाही. म्हणून पावतीही नाही. पुराच्या दिवशी माझ्या वडिलांना पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्या तिने कडेवर घेतले होते. आजी दमली होती म्हणून. शाळेत दोन-तीन रात्री ती आमच्याशेजारीच झोपली. झोपड्यांच्या याद्या लागल्या तेव्हा तिचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. आजोबा तिच्यासाठी दोन वेळा कचेरीत गेले, तिसऱ्यांदा गेले नाहीत. छापखान्याचे खिळे चिखलातून वेचून धुवायचे काम चालू होते, आणि ते चुकवले तर पगार नव्हता. म्हातारी पुढे कुठे गेली ते कोणालाही ठाऊक नाही. “तिसऱ्यांदा जायला हवं होतं,” एवढे एकच वाक्य आजी बोले आणि मग गप्प होई. आजी २०१६ साली गेली. तिच्या तोंडून पुराची गोष्ट मी शेवटची ऐकली तेव्हाही तिने हे वाक्य गाळले नव्हते.

पिंपाच्या घरांत माझ्या वडिलांचे बालपण गेले. तेथले शेजार वाड्यासारखे नव्हते. एका बाजूला कसब्यातला तांबट, दुसऱ्या बाजूला मंगळवारातले एक कुटुंब, आणि पाण्याला एकच नळ. आजीचे सोवळे पहिल्या पंधरा दिवसांतच नळावर वाहून गेले. जातपात गेली असे मी म्हणणार नाही, ती अशी जात नसते. पण तांबटीण तापाने पडली तेव्हा तिच्या घरची भाकरी आजीने थापली हे खरे. आणि हेही खरे की, ज्यांना नोकऱ्या होत्या ते पुढे सोसायट्या काढून पक्क्या घरांत गेले आणि ज्यांना नव्हत्या ते पत्र्याखालीच राहिले. पूर सगळ्यांना सारखा बुडवतो असे म्हणतात. बुडवताना तो सारखा असेल, पण बाहेर काढताना नसतो.

१९९४ साली वडिलांनी आंबील ओढ्याच्या काठच्या एका इमारतीत फ्लॅट घेतला. हवा, झाडी, सकाळी भारद्वाज. आजी पाहायला आली, गॅलरीत उभी राहिली, खाली ओढा बघितला आणि म्हणाली, “पुन्हा पाण्याच्या दारात?” आम्ही सगळे हसलो. तो ओढा तेव्हा ओढा कसला, गटारच होते. उन्हाळ्यात मुले त्यात क्रिकेट खेळत.

आंबील ओढा हा पुण्याचा जुना, आणि जरा दुखावलेला नातेवाईक आहे. तो कात्रजच्या डोंगरातून येतो. पूर्वी तो आजच्या पेठांमधून वाहत असे. पेशव्यांनी त्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याकडून वळवला आणि तेथे तळे केले. आपण ज्या सारसबागेत मुलांना भेळ खायला घालतो ते त्याच तळ्याचे अंग. तेव्हा त्याला वळवला खरा, पण वळवताना वाट दिली. आपण त्याला वाट ठेवली नाही. उगमाकडच्या उतारांवर इमारती झाल्या, रस्ते सिमेंटचे झाले, आवारांत फरश्या आल्या. जी माती पावसाचा पहिला तास मुकाट्याने पिऊन टाकायची ती झाकली गेली. मग डोंगरावरचा थेंब, पूर्वी ज्याला खाली यायला अर्धा दिवस लागे, तो अर्ध्या तासात येतो. आणि येतो तो एकटा नव्हे, सगळ्या भाऊबंदांना घेऊन. खाली ओढ्याची रुंदी मात्र दोन्हीकडून भिंती घालून आपण कमी केलेली. यात मोठेसे शास्त्र नाही. स्वयंपाकघरातली मोरी तुंबते त्याचेच हे गणित आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हे गणित सुटले. (तोही बुधवारच. आजी असती तर तिने यावरून काहीतरी काढले असते, मी काढीत नाही.) दहाच्या सुमारास पाऊस असा लागला की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. पुढे आवाज आला तो पाण्याचा नव्हे, मोटारी एकमेकींवर आपटण्याचा. आमच्या तळमजल्यावरच्या चोवीस गाड्या आंघोळीच्या टबातल्या खेळण्यांसारख्या फिरत होत्या. वीज गेली. वडील अंधारात उठले, देव्हाऱ्याकडे न जाता माळ्याखाली स्टूल ठेवू लागले, तेव्हा मला समजले की ते चार वर्षांचे झाले आहेत. त्या रात्री पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसे गेली. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. आमच्या गाड्या गेल्या, विम्याचे पैसे आले.

ओढ्याच्या पलीकडच्या काठाला वस्ती आहे. तेथे आमच्या कचऱ्याच्या मावशी राहतात. त्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि पुढे तिच्यातून ही संस्था निघाली. २००८ पासून तिच्या तीन हजारांहून अधिक सभासद, बहुतेक बायकाच, महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करतात. पंचायतीने पहिल्यांदा काय केले असेल, तर या बायकांना ओळखपत्रे दिली आणि महापालिकेला ती मान्य करायला लावली. पावती! माझ्या आजोबांना हे लगेच कळले असते.

पुरानंतर तीन दिवसांनी मावशी आल्या. त्यांच्या घरात छातीएवढे पाणी होते. सगळे गेले, पण गळ्यातले ओळखपत्र होते. त्यांनी त्या दिवशीही कचरा नेला. आम्ही जुने कपडे, एक शेगडी, तांदूळ दिले आणि आपण फार केले असे वाटून घेतले.

मग सोसायटीची सभा झाली. मी सचिव. चिखल धुतलेल्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून आम्ही एकमताने ठरवले की, ओढ्याच्या बाजूची भिंत पाच फुटांनी वाढवावी, आणि तीही काँक्रीटची. दरपत्रके मागवली. एकावर मी सही केली. दुसऱ्या दिवशी मावशी जिन्यात भेटल्या. हातातली बादली खाली ठेवून त्यांनी विचारले, “सर, तुमची भिंत वाढली की पाणी कुठं जायचं?”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पत्ता विचारावा तसे त्यांनी विचारले होते. मी “बघू” म्हणालो. इतकी वर्षे वर्गात शब्दांवर बोलणाऱ्या माणसाला त्या वेळी सुचलेला हा एवढाच शब्द.

मी दुसरी सभा बोलावली. एक इंजिनियर सभासद प्रामाणिक निघाले. एका काठाची भिंत उंच केली की तेवढे पाणी दुसऱ्या काठावर चढणार, हे त्यांनी कागदावर काढून दाखवले. तरीही चोवीसांपैकी पंधरा मते भिंतीच्या बाजूने पडली. मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. त्यातले एक गृहस्थ त्या रात्री बायकोला पाठीवर घेऊन वर चढले होते. तडजोड अशी निघाली की, पाचाऐवजी तीन फूट भिंत वाढवावी. विजेचे मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात न्यावेत. फाटकाला फळ्या बसवायच्या खोबणी कराव्यात. आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची सभागृहाची खोली वस्तीतल्या लोकांसाठी उघडी ठेवावी. शेवटची अट नऊ जणांनी हट्टाने घालून घेतली. भिंत झाली. पुढच्या पावसाळ्यांत दोन वेळा मावशींच्या घरात टाचेएवढे पाणी शिरले. ते आमच्या तीन फुटांमुळे शिरले की तसेही शिरले असते, हे इंजिनियरनाही सांगता येत नाही. मला रात्री पाऊस लागला की मोजदाद करावीशी वाटते.

नदीकाठावर सरकार दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर चढेल ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर चढेल ती लाल. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकची आणि लाल एक लाखाची धरतात. पण २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले, आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. रेषा कागदावर होती तेथेच राहिली, पात्र मात्र आकसलेले होते. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत आपली हातगाडी वाचवायला गेलेले तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. शहराचा हिशेब सहसा अशाच कोणाच्या तरी गाडीपाशी येऊन थांबतो. आणि लोकांची तक्रार काय होती? पाणी सोडणार हे आम्हांला वेळेवर कळले नाही. १९६१ च्या बोळात एक माणूस ‘फुटलं’ म्हणत होता, दुसरा ‘अफवा’ म्हणत होता. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत, तरी त्या बोळातून आपण फारसे पुढे आलेलो नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडे एक बदल झाला. मावशींनी वस्तीतल्या सात घरांचे फोन क्रमांक माझ्याकडे आणून दिले आणि आमच्यातल्या सात जणांचे मागून नेले. ओढा तिकडून आधी दिसतो. आमच्या गॅलरीसमोर आता जांभळाचे झाड वाढले आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला पहिला फोन त्यांचा आला. “सर, पाणी दुसऱ्या पायरीला आलंय, गाड्या काढा.” आम्ही गाड्या काढल्या आणि सभागृहाचे कुलूप उघडले. अकरा माणसे आणि एक शेळी वर आली. शेळीच्या प्रश्नावर सोसायटीत अजून पत्रव्यवहार चालू आहे.

२०१९ च्या नुकसानभरपाईसाठी पंचनामा झाला तेव्हा मावशींना राहत्या जागेचा पुरावा मागितला गेला. घर त्यांच्या दिराच्या नावावर, आणि विजेचे बिल कोणा तिसऱ्याच्या. मी सोसायटीच्या कागदावर पत्र लिहून दिले की, या बाई अकरा वर्षे समोरच्या वस्तीत राहतात आणि आम्ही त्यांना रोज पाहतो. पहिल्या खिडकीवर ते पत्र परत केले गेले. दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते. तिसऱ्यांदा मी कॉलेजातून अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो, ओळखपत्र आणि पत्र एकत्र ठेवले, आणि ते घेतले गेले. पैसे आले ते नुकसानीच्या मानाने थोडेच.

यंदा ओढ्याकाठच्या घरांची पुन्हा पाहणी निघाली आहे. कोणाला हलवायचे, कुठे हलवायचे, याची यादी होणार म्हणतात. वसुबारसेच्या आधी, आमची साफसफाई चालू असतानाच, मावशी दाराशी आल्या. “सर, ते मागचं पत्र आहे का हो? माझी झेरॉक्स भिजली.”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि स्टूल आणले. वडिलांनी डबा खाली घेतला, पंचाने पुसला, आणि जून १९६१ च्या पावतीखालून ते पत्र काढून मावशींच्या हातात दिले.